१८६ रुपये ६७ पैसे

आमच्या बाबांकडे एक खाकी फाईल आहे. वर शाईपेनाने 'बँक' एवढंच लिहिलंय. गेल्या दिवाळीत डोंबिवलीच्या घरी माळा आवरताना ती पुन्हा हाती लागली. आई म्हणाली, "टाक रे ती रद्दीत." बाबा काही बोलले नाहीत, फक्त हात पुढे केला. मग मीच ती ठाण्याला घेऊन आलो.

आतमध्ये अकरा पत्रांच्या कार्बन कॉपी आहेत, सगळ्या १९८४ आणि ८५ सालच्या. भाषा इतकी सभ्य की वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. 'महोदय, आपले लक्ष पुन्हा एकदा वेधू इच्छितो...' असं अकरा वेळा!

झालं होतं असं. बाबांच्या सेव्हिंग्ज खात्यातून मे १९८४ मध्ये ६,४०० रुपये नावे पडले. त्याच शाखेत त्यांच्याच नावाचा, त्याच आडनावाचा आणखी एक खातेदार होता. (आमचं आडनाव डोंबिवलीत ढिगाने सापडतं.) त्याचा चेक बाबांच्या लेजरच्या पानावर चढला. ते समजलं ऑगस्टमध्ये, बिल्डरला दिलेला ब्लॉकच्या हप्त्याचा चेक परत आल्यावर. ६,४०० रुपये म्हणजे बाबांचे जवळजवळ पाच पगार. हप्ता चुकला तर ब्लॉक जाणार, म्हणून ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढलं. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की चेक न वटणं हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. तो कायदा १९८९ च्या एप्रिलमध्ये लागू झाला.

बँक कोणती ते सांगत नाही. चूक करणारा क्लार्क वाईट नव्हता, हे बाबा आजही सांगतात. शाखेत तेव्हा पितळी टोकन, हाताने भरायची लेजरं आणि दुपारी दोनला बंद होणारा काउंटर. बाबा सकाळच्या लोकलने फोर्टला जाणार, परतायला साडेसात. म्हणजे बँकेशी भांडायचं तर कॅज्युअल लीव्ह टाकायची. आपलेच पैसे परत मागायला रजा! पाच सी.एल. त्या भांडणात गेल्या. ऑफिसरने ऐकवलं ते वेगळंच: "चार-चार महिने पासबुक भरून घेत नाही, आणि आता विचारायला येता?"

बाबांच्या मनाला लागलं ते हे वाक्य. पैशापेक्षाही. कारण त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं की चूक आपलीच असेल.

ती त्यांची नव्हती, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पण तीन वर्षांनी. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन, १९८७. एका कंपनीचं बँकेत खातं. चेकवर सही मॅनेजिंग डायरेक्टरची लागायची. चेकबुक ज्याच्या ताब्यात होतं त्या कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले, एकूण ३,२६,०४७ रुपये ९२ पैसे. हे सगळं १९५७ ते १९६१ या काळातलं. बँकेचं म्हणणं असं की स्टेटमेंट वेळोवेळी मिळत होती, कंपनीने इतकी वर्षं चकार शब्द काढला नाही, मग आता तक्रार कसली? कोर्टाने ते मानलं नाही. ज्या चेकवर खातेदाराची सही नाही, तो खातेदाराचा हुकूमच नाही. त्यावर पैसे दिले तर ते बँकेने स्वतःच्या खिशातून दिले. पासबुक नीट न तपासणं हा निष्काळजीपणा असेलही, पण तेवढ्यावरून बँकेची जबाबदारी खातेदाराच्या गळ्यात पडत नाही. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे.

बाबांच्या प्रकरणात खोटी सही नव्हती, पण मुद्दा तोच. चेक दुसऱ्याचा, हुकूम दुसऱ्याचा, पैसे मात्र बाबांचे. फक्त त्या कंपनीला चोरी उघडकीस आल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत सव्वीस वर्षं लागली. पगारदार माणसाने एवढी वर्षं कुठून आणायची?

मग १९८४ साली त्यांनी जायचं कुठे? मी शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ कुठेच नाही. दिवाणी कोर्ट होतं. ग्राहक पंचायतीचं काम सत्तरच्या दशकात पुण्या-मुंबईत सुरू झालं होतं, पण ज्याच्या आधारे दाद मागावी तो ग्राहक संरक्षण कायदा यायला डिसेंबर १९८६ उजाडला. ठेवींचा विमा होता, पण तो वेगळ्या दुखण्यावरचा. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्याच वर्षी लक्ष्मी बँकही गेली, आणि १९६२ पासून विमा आला, सुरुवातीला १,५०० रुपयांपर्यंतचा. पण तो बँक बुडाली तर. बँक ठणठणीत असताना चुकली तर त्याचा काही उपयोग नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आमच्या सोसायटीतही "लोकपालाकडे जाऊ या" म्हणणारे निघाले. बँकेने केलेली चूक आणि बँकेलाच आलेलं मरण यांची दारं वेगळी आहेत, हे समजावताना माझी दमछाक झाली होती.

बँकांनी गिऱ्हाइकाशी कसं वागावं यावर सरकारने समित्या नेमल्या होत्या, नाही असं नाही. १९७५ साली तलवार गट नेमला, नंतर गोईपोरिया समिती आली, तिचा अहवाल १९९१ चा. त्याच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) अशा सहकारी बँका एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. माझं मत विचाराल तर त्यामागे हीच गरज होती. लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाला ओळखणारी, त्याच्या गावातली बँक.

पण ओळख ही काही दाद मागण्याची सोय नव्हे. ती सोय आली १४ जून १९९५ ला. रिझर्व्ह बँकेने बँकिंग लोकपाल योजना सुरू केली. ही कल्पना मूळ स्वीडनची, तिथे १८०९ पासून राज्यकारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा ओम्बुड्समन आहे. आपल्याकडे वकील नको, फी नको, साध्या कागदावर अर्ज चालतो. अट एकच: आधी बँकेला लेखी कळवा आणि महिनाभर थांबा. त्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर या. २००६ मध्ये नवी योजना आली आणि तिचा सगळा खर्च, सगळी माणसं रिझर्व्ह बँकेची झाली. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच पैशावर न्यायाधीश नको, हे बरंच झालं. पतपेढ्या मात्र यात कधीच नव्हत्या, कारण त्या बँका नव्हेत. कल्याणच्या आमच्या आत्याला हे फार उशिरा कळलं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

आता माझी गोष्ट, छोटीशी. २०१३ मध्ये ठाणे स्टेशनजवळच्या एका एटीएममधून आईच्या कार्डावर दहा हजार काढायला गेलो. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे वजा झाले. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेचा २०११ चा नियम असा होता की तक्रार मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत पैसे परत करायचे, नाहीतर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही गिऱ्हाइकाने न मागता. पैसे आले, मुदत उलटून तेरा दिवसांनी. भरपाई आली नाही. शाखेत विचारलं तर म्हणाले, "साहेब, पैसे मिळाले ना? मग कशाला ताणताय?"

खरं सांगतो, मी सोडूनच देणार होतो. तेराशे रुपयांसाठी कोण पत्रापत्री करणार? पण ही फाईल आठवली. बाबांचे ६,४०० रुपये डिसेंबर १९८४ मध्ये जमा झाले होते, दिलगिरीच्या एका ओळीसकट. नंतरची चार पत्रं व्याजासाठी आहेत. सेव्हिंग्जवर ५ टक्के, सात महिने, म्हणजे १८६ रुपये ६७ पैसे. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलंय की सोसायटीच्या कर्जावर भरलेलं जादा व्याज मी मागत नाही, फक्त माझ्या खात्यावर जे मिळालं असतं तेच मागतो. त्या पत्राला उत्तर नाही. फाईल तिथेच संपते.

तर मी बँकेला पत्र दिलं, महिना थांबलो आणि लोकपालाला लिहिलं. (कार्यालयाच्या इमारतीचं नाव भायखळा, आणि ती आहे मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर. मुंबईकरांना यात काही वावगं वाटत नाही.) सुनावणी वगैरे झालीच नाही. तिथून बँकेला विचारणा गेली असावी, कारण काही आठवड्यांनी आईच्या खात्यात निमूटपणे १,३०० रुपये जमा झाले. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बँकांचा, वित्तसंस्थांचा आणि डिजिटल व्यवहारांचा असे तीन लोकपाल एकाच योजनेत आले आणि तक्रारी ऑनलाइन पोर्टलवर, किंवा कागदावर चंडीगडच्या केंद्राकडे जाऊ लागल्या. माझ्या वेळी मात्र सगळं पोस्टाने, रजिस्टर्ड ए.डी. करून.

पासबुक भरून आणलं ते बाबांना दाखवलं. चष्मा लावून ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "मागावं लागलं ना, पण?"

म्हटलं, हो, मागावं लागलं.

"पत्राची कॉपी ठेवली आहेस?"

ठेवली होती. ती त्यांनी त्या खाकी फाईलमध्ये लावली, आपल्या अकराव्या पत्राच्या मागे.