चांद्याची दीक्षा आणि माँटगोमेरीच्या बसगाड्या

१९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात जगाच्या दोन टोकांना दोन चळवळी चालू होत्या. एक अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात. दुसरी आपल्या चांद्याला. दोघींचे दुखणे एकाच जातीचे होते, पण औषध मात्र निराळे. असे का व्हावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

आधी माँटगोमेरी. तिथल्या बसगाड्यांत पुढची बाके गोऱ्यांची, मागची काळ्यांची. गोऱ्या उतारूला जागा कमी पडली की काळ्याने मुकाट्याने उठायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी शिवणकाम करून पोट भरणाऱ्या रोझा पार्क्स यांनी उठण्याचे नाकारले. त्यांना अटक झाली, आणि ५ डिसेंबरपासून तिथल्या काळ्या समाजाने बसवर बहिष्कार घातला. नेता कोण? अवघ्या २६ वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग. ३८१ दिवस माणसे कामावर पायी गेली, पण बसमध्ये चढली नाहीत. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला.

तिकडे बहिष्काराचा अकरावा महिना चालू असताना, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले. दोनच दिवसांपूर्वी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. चांद्याच्या समारंभासाठी झटले ते इथलेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. वय अवघे ३१! पुढे १९६९ ते १९७२ या काळात ते राज्यसभेचे उपाध्यक्ष झाले. त्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोलीचा मुलूखही याच जिल्ह्यात. तो वेगळा झाला १९८२ साली.

आता आपण विचाराल, अमेरिकेत कोर्टाने काम झाले, मग इथे धर्म बदलण्याची गरज काय? थोडे मागे चला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यावरचा दावा मुंबई हायकोर्टात निकाली निघाला १९३७ साली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदाही झाला. म्हणजे बघा, अमेरिकेतल्या त्या राज्यात कायदाच भेद करीत होता. तो मोडला की लढाईचा पहिला डाव जिंकला. इथे कायदा बाजूने होता, भेद मनात आणि रूढीत होता. रूढीवर कोर्टाचा हुकूम कसा बजावणार? म्हणून बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती, ती २१ वर्षांनी प्रत्यक्षात आणली.

पण याची किंमत पडली, बरं का. अनुसूचित जातींच्या सवलती तेव्हा हिंदू व शीख यांनाच होत्या. दीक्षा घेणाऱ्याने मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा यांवर पाणी सोडायचे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! ज्यांच्या घरी उद्याच्या भाकरीची शाश्वती नव्हती, त्यांनी हे केले, हे विसरून चालणार नाही.

चांद्यानंतर ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २१ डिसेंबरला माँटगोमेरीचे काळे नागरिक पुढच्या बाकांवर बसले. आजही दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक जमतात. आपण तिथे गेलात, तर एखाद्या वृद्धाजवळ जरूर बसा, आणि त्या वर्षी त्यांच्या घराने काय सोडले आणि काय मिळवले, ते विचारा. पुस्तकात नसलेला इतिहास आपल्याला तिथे ऐकायला मिळेल.