डहाणू–तलासरी परिसरातील ऐतिहासिक स्थळे आणि अल्पखर्ची प्रवास : एक अवलोकन

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील या लेखात त्याच्या दानांची नोंद असून, इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य तरीची सोय केली आणि दोन्ही तीरांवर निवारे व पाणपोया उभारल्या, असा उल्लेख येतो. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. डहाणूच्या प्राचीनत्वाचा दाखला म्हणून हा लेख नेहमी सांगितला जातो. परंतु हा दाखला एखाद्या विजयाच्या नव्हे, तर पदरी पैसा नसलेल्या वाटसरूच्या संदर्भात आला आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष वेधले जाते.

अल्प खर्चात ऐतिहासिक स्थळे पाहत हिंडण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. डहाणू व तलासरी हे तालुके अशा भ्रमंतीस अनुकूल आहेत. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येते, पुढे एस.टी. व शेअर रिक्षा आहेत. तथापि, या मुलखातून जाण्यायेण्याचा खर्च कोणत्या काळात कोणी सोसला, हे ध्यानात घेतल्यावाचून येथील स्थळांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

खाडीकाठचा डहाणूचा किल्ला पोर्तुगीज अमलाची खूण होय. १७३९ च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला व पुढे त्यात सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. किल्ल्यापेक्षा अधिक बोलके स्थळ बोर्डीच्या पूर्वेस, बहारोटच्या डोंगरावर आहे. पंधराव्या शतकात संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरातील गुहांत बारा वर्षे जपला, अशी परंपरा ‘किस्से संजाण’ या १५९९ च्या फारसी काव्यात नमूद आहे. हा वृत्तान्त घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिला गेला असल्याने त्यातील कालगणना वादग्रस्त आहे. स्थळाची निवड मात्र पटण्याजोगी वाटते. ही चढण आजही पायीच चढावी लागते, आणि आश्रयास आलेल्यांना दुर्गमतेचाच आधार होता.

पर्यटकांस सर्वाधिक परिचित असते ती वारली चित्रकला. गंजाडचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली व या चित्रांस जगभर मान्यता लाभली. या चित्रपरंपरेच्या केंद्रस्थानी लग्नचौक आहे; विवाहप्रसंगी सवाशिणींनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटावयाचा. परंतु याच विवाहासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी वारली तरुण पत्नीसह जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होत असे व बहुधा जन्मभर राबत असे. जंगलपट्टीतील वेठीची दखल मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी सिद्ध केलेल्या १९३९ च्या अहवालातही घेण्यात आली होती. जमीनदाराच्या हुकमासरशी विनामोबदला कामास जाणे हे कुळाचे कर्तव्यच समजले जाई. उषवदाताने जो भार स्वतःकडे घेतला होता, तो येथे सर्वांत दुर्बळाच्या डोक्यावर येऊन पडला होता. चित्र खरेदी करणाऱ्यास ही पार्श्वभूमी सांगितली जात नाही. ‘निवांत आदिवासी जीवन’ हा माहितीपत्रकांतील शब्दप्रयोग त्यामुळेच दिशाभूल करणारा ठरतो.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी किसान सभेच्या पुढाकाराने सुमारे पाच हजार वारली एकत्र आले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या परिषदेत वेठ न करण्याचा व बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम न करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि एका लढ्याचा प्रदेश दोन राज्यांच्या दप्तरांत विभागला गेला. या घटनांचे सविस्तर कथन गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आढळते. झरी व तलवाडा येथे पाहण्यासारखे भव्य अवशेष नाहीत. बहुतेक प्रवासी मुंबई–अहमदाबाद महामार्गावरून तलासरी ओलांडून जातात ते त्यामुळेच. ज्यास एस.टी.ची वाट पाहत थांब्यावर बसावे लागते, त्यास तेथील वृद्धांशी बोलण्याची सवड तरी मिळते. अल्पखर्ची प्रवासाचा हा लाभ इतिहासाच्या अभ्यासकास दुर्लक्षून चालणार नाही.

१९४५ मध्येच बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू झाले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे लक्षात आल्यावर तेथे ‘कुरणशाळा’ भरू लागली. ज्या माळावर गुरे चरत, त्या माळावर शिक्षिका पाटी-पुस्तके घेऊन स्वतः चालत जात.