माशाच्या कातडीने भरल्या अस्वलांच्या जखमा! जनावरांच्या जखमांमागचं विज्ञान काय सांगतं?

मंडळी, अस्वलाच्या पंजावर माशाची कातडी शिवलेली आणि तिच्यावर मक्याच्या कणसाची सोलपटं गुंडाळलेली, असा फोटो तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आला असेल. पाहिल्यावर पहिल्यांदा वाटतं, हे नक्कीच कुणीतरी बनवलेलं असणार. पण ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आणि तिच्यामागचं विज्ञान समजून घेतलं, तर आपल्या गोठ्यातल्या बैलाच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याच्या जखमेकडेही तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

नेमकं काय घडलं होतं?

४ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात वणवा पेटला. 'थॉमस फायर' या नावाने तो ओळखला जातो. व्हेंचुरा आणि सांता बार्बरा या दोन काउंटींमधली सुमारे २ लाख ८० हजार एकर जमीन त्यात जळाली. जंगलातून पळताना दोन काळ्या अस्वलांचे पंजे भाजले. दोन्ही माद्या होत्या. पहाडी सिंहाचं एक पिल्लूही असंच भाजलेलं सापडलं.

अस्वलांच्या जखमा तिसऱ्या दर्जाच्या होत्या, म्हणजे कातडीचे सगळे थर जळाले होते. अस्वल चालतं पंजावर, झाडावर चढतं पंजाने आणि खाणं उकरून काढतं तेही पंजानेच. पंजे गेले की जंगलात त्याचं जगणंच संपलं. नेहमीच्या उपचारांनी या जखमा भरायला चार ते सहा महिने लागतील, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

औषध होतं, मग अडचण कुठे होती?

भाजलेल्या जखमेवर लावायची मलमं सगळीकडे मिळतात. खरा प्रश्न पेशंटचा होता!

माणसाला सांगता येतं, "पट्टी ओली करू नका, रोज ड्रेसिंगला या." रानटी अस्वलाला कोण सांगणार? त्याची पट्टी बदलायची तर दर वेळी भूल द्यावी लागते आणि रोज रोज भूल देणं धोक्याचं असतं. वेदनाशामक गोळी खाण्यात मिसळून दिली, तरी ते ती खाईलच याची खात्री नाही. त्यातून प्राण्यांना जखम चाटायची आणि पट्टी चावायची सवय. कापसाची किंवा कापडाची पट्टी पोटात गेली, तर आतडं तुंबून जीव जाऊ शकतो.

शिवाय दोघींपैकी एक अस्वल गाभण असल्याचं सोनोग्राफीत दिसलं. ती पिंजऱ्यात व्यायली असती तर त्या ताणात तिने पिल्लाला जवळ केलं नसतं, ही भीती होती. म्हणजे उपचार असे हवे होते, जे बरेच दिवस टिकतील, दुखणं कमी करतील, पोटात गेले तरी चालतील आणि लवकर गुण देतील.

उत्तर सापडलं ब्राझीलमध्ये

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या डॉ. जेमी पेटन यांना ब्राझीलमधल्या एका प्रयोगाची माहिती होती. तिथल्या फोर्तालेझा शहरात भाजलेल्या माणसांच्या जखमांवर तिलापिया माशाची कातडी लावून पाहिली जात होती. तिथे नेहमीची पद्धत म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावायचं आणि वरून गॉजची पट्टी बांधायची. ही पट्टी वारंवार बदलावी लागते आणि दर वेळी रुग्णाला जीवघेण्या वेदना होतात. जखम झाकायला माणसाची किंवा डुकराची प्रक्रिया केलेली त्वचाही वापरतात, पण ती तिथे पुरेशी मिळत नव्हती. तिलापिया मात्र तिथे भरपूर पाळला जातो आणि त्याची कातडी बहुतेक वेळा फेकूनच दिली जाते.

हा मासा आपल्यालाही अनोळखी नाही. उजनीच्या पाण्यात सापडणारी आणि सोलापूर-पुण्याकडच्या हॉटेलांत ताटात येणारी 'चिलापी' म्हणजे हाच तिलापिया!

डॉ. पेटन यांनी तिलापियाची कातडी स्वच्छ करून निर्जंतुक केली. अस्वलांना भूल देऊन पंजाच्या मापाने ती कापली आणि टाके घालून बसवली. वरून तांदळाचा खाता येणारा कागद आणि कणसाची सोलपटं गुंडाळली. अस्वलाने सगळं चावून खाल्लं तरी बिघडणार नाही, हा त्यामागचा विचार.

पहिली मादी अस्वल त्यानंतर भुलीतून जागी झाली, तेव्हा ती पायांवर उभी राहिली आणि आजूबाजूला कुतूहलाने पाहू लागली. तोवर ती पंजांवर भार द्यायलाही तयार नव्हती. पुढच्या काही आठवड्यांत नवी त्वचा अंदाजापेक्षा लवकर येऊ लागली. जानेवारी २०१८मध्ये दोन्ही अस्वलांना जंगलात सोडण्यात आलं. त्यांचा मूळ परिसर जळून गेल्यामुळे माणसांनी त्यांच्यासाठी गुहेसारखे निवारे तयार केले होते. पहाडी सिंहाचं पिल्लू मात्र एकट्याने जगण्याइतकं मोठं नव्हतं, म्हणून त्याला जंगलात सोडता आलं नाही.

माशाची कातडी करते तरी काय?

यासाठी आधी जखम कशी भरते ते पाहू. माणूस असो की जनावर, टप्पे साधारण सारखेच असतात.

१. रक्त थांबणं: रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठतं.

२. सूज: पांढऱ्या पेशी जखमेत येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. लाली, गरमपणा आणि ठणका या टप्प्यात असतो.

३. नवं मांस भरणं: कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं, नव्या रक्तवाहिन्या येतात आणि कडेने त्वचा आत सरकू लागते.

४. मजबुती: विणलेलं जाळं हळूहळू घट्ट होतं. याला कित्येक महिने लागतात आणि व्रणाची त्वचा मूळ त्वचेइतकी मजबूत कधीच होत नाही.

माशाची कातडी अस्वलाची कातडी बनत नाही, हे लक्षात घ्या. ती एक झाकण आहे. तिच्यात कोलॅजन भरपूर असतं, ती लवचीक असते आणि खालचा ओलावा धरून ठेवते. उघड्या पडलेल्या नसा झाकल्या गेल्यामुळे ठणका कमी होतो. खाली नवी त्वचा तयार झाली की तिचं काम संपलं.

इथे 'ओलावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अजूनही म्हणतात, "जखम उघडी ठेवा, वाळू द्या, खपली धरली की बरी होईल." पण १९६२मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरच्या प्रयोगातून दाखवून दिलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत जावं लागतं, ओलसर जागेत त्या सहज पुढे सरकतात. आज माणसांसाठी वापरली जाणारी कितीतरी आधुनिक ड्रेसिंग्ज याच तत्त्वावर बनतात.

प्रत्येक जनावराची जखम वेगळी

विंटरने डुक्कर निवडलं, कारण त्याची त्वचा माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती आहे. कुत्र्या-मांजरांची कातडी सैल असते. त्यांची मोठी जखमही कडा आत ओढल्या जाऊन लहान होत जाते. घोड्याचं वेगळंच! त्याच्या अंगावरची जखम चांगली भरते, पण गुडघ्याखालच्या जखमेत मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि वर त्वचा येऊच शकत नाही. म्हणून एका प्राण्याला लागू पडलेला उपचार दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

अस्वलांच्या बाबतीतही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अस्वलं दोनच होती. त्यांना मलमं आणि लेझर असे इतर उपचारही दिले गेले. माशाची कातडी न लावलेलं तिसरं अस्वल तुलनेला नव्हतं. त्यामुळे सगळं श्रेय माशालाच द्यायचं का, हे या एका घटनेवरून ठरत नाही. मात्र वाट नक्कीच दिसली. आइसलँडमधल्या केरेसिस कंपनीची कॉड माशाच्या कातडीपासून बनवलेली ड्रेसिंग्ज तर माणसांच्या जखमांसाठी वापरातही आहेत.

मग आपण काय करायचं?

सगळ्यात आधी, बाजारातून चिलापी आणून कुत्र्याच्या जखमेवर बांधू नका! निर्जंतुक न केलेली कातडी म्हणजे जंतूंना आमंत्रण. बाकी हे लक्षात ठेवा:

- रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं सलग दाबून धरा. सारखं उचलून बघू नका.

- जखम धुवा. स्वच्छ पाणी किंवा सलाईन पुरेसं आहे. फिनेल, रॉकेल, चुना, राख, बॅटरीतली पूड यांतलं काहीही लावू नका. यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात किंवा जखमेत घाण बसते. हळदीतल्या कर्क्युमिनवर संशोधन चालू आहे, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते.

- अळ्या पडल्या असतील तर वेळ घालवू नका. काही माश्यांच्या अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. वरून चार काढल्या तरी आत डझनावारी उरतात. डॉक्टरांकडूनच साफ करून घ्या.

- माणसाची गोळी जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरायला तर भारतात २००६पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती.

- चाटू देऊ नका. "चाटून बरी होते" हा समज चुकीचा आहे. सतत चाटल्याने टाके उसवतात आणि जखम चिघळते. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर त्यासाठीच असते.

- कुत्र्याने चावलं असेल तर हातमोजे घालून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

- बैलाला खांदेसूज असेल तर त्याला जुंपू नका. रोज त्याच जागी जू घासत राहिलं तर भारीतलं मलमही उपयोगाचं नाही. विश्रांती हाच तिथला पहिला उपचार.

गावात डॉक्टर जवळ नसतील तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी कुठलं जादूचं औषध शोधलं नव्हतं. आपला पेशंट बोलू शकत नाही, पट्टी सांभाळू शकत नाही, हे ओळखून त्यांनी उपचार त्याच्या मापाचा केला. आपल्या दारातल्या जनावरालाही कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी जखमेवर रॉकेल ओतायला निघालं, तर त्याला ही अस्वलांची गोष्ट नक्की सांगा!