पाय थांबला की पातं थांबायचं

दिवाळीसाठी प्लायवुडचा आकाशकंदील किंवा गणपतीचं मखर कापायला तुम्ही गॅरेजमधला स्क्रोल सॉ बाहेर काढणार असाल, तर आधी त्या यंत्राची कुळकथा ऐका. सुरक्षेचे नियम त्यातूनच उमगतात.

१८७०च्या दशकात अमेरिकेत लाकडी जाळीकामाचं वेड पसरलं. इलिनॉयमधल्या रॉकफर्डची बार्न्स कंपनी पायाने चालणाऱ्या करवती बनवत असे. आपल्याकडच्या शिलाईच्या पायमशीनसारखंच हे काम: खाली पाय हलायचा, वर बारीक पातं खालीवर व्हायचं. १९०९ साली सेलमच्या पार्कर ब्रदर्सनी इतर खेळ बाजूला ठेवून सगळा कारखाना लाकडी जिगसॉ कोड्यांना दिला. तिथे तुकडे कापणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया होत्या. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलेल्या कित्येक कारागिरांनी घरीच कोडी कापून विकली, भाड्यानेही दिली.

पायाच्या करवतीत एक सोय आपोआप होती. बोट पात्याजवळ गेलं की माणूस दचकायचा, पाय थांबायचा आणि पातंही थांबायचं. मोटर आली तशी ही सोय गेली. तुम्ही दचकलात तरी मोटर चालूच राहते. म्हणून पायाचं काम आता नियमांना करावं लागतं.

पात्याचे दात खाली तोंड करून बसवा. उलटं बसलं तर ते लाकूड वर उचलतं. लाकूड दाबून धरणारा दट्ट्या टेकलेला असू द्या. बोटं पात्याच्या समोर नको, बाजूला ठेवा. लहान तुकडा मोठ्या फळीवर चिकटवून मगच कापा. जाळीच्या आतलं भोक कापताना पातं सोडवून पुन्हा ओवावं लागतं. दर वेळी आधी प्लग काढा. चष्मा आणि मास्क लावा. हातमोजे, ओढणी, कुर्त्याच्या सैल बाह्या, मोकळे केस मात्र नकोत.

शक्य असेल तर पायाने दाबायचं बटण जोडून घ्या. पाय उचलताच वीज तुटेल, असंच ते हवं. गेलेली जुनी सोय त्याने बरीचशी परत मिळते.

मुलांना शिकवणार असाल, तर कापण्याआधी यंत्र बंद करायला शिकवा. ते न बघता जमू लागलं, की मगच लाकूड हातात द्या.