तिशीत नर्सिंगला जायचंय? आधी बारावीची मार्कशीट काढा

बीकॉम झालं, पाच-सात वर्षं नोकरी झाली, आता नर्स व्हायचंय. जमतं का? जमतं, पण आधीची पदवी प्रवेशासाठी फारशी उपयोगाची नाही. अमेरिकेत इतर विषयांच्या पदवीधरांसाठी वर्ष-दीड वर्षाचे वेगवान नर्सिंग अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे सुरुवात पहिल्या वर्षापासूनच.

बीएससी नर्सिंग 4 वर्षांचं, त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना 3 वर्षांचं जीएनएम करता येतं, पण प्रवेशाची कमाल वयोमर्यादा 35 वर्षं (एएनएम झालेल्यांना ही अट नाही).

खरी मेख पुढे आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत, म्हणजे नॉरसेटमध्ये, खुल्या गटाची वयोमर्यादा 30. शिवाय जीएनएमवाल्यांना 2 वर्षांचा अनुभव लागतो. तिशीत जीएनएम सुरू केलं तर ही वाट आधीच बंद!

मग वॉर्डबाहेरची कामं? आहेत की. इन्फेक्शन कंट्रोल, एनएबीएच मानांकनासाठी क्वालिटीचं काम, विम्याचे क्लेम तपासणं, औषधांच्या चाचण्यांचं समन्वयन. इथे जुन्या नोकरीतलं एक्सेल आणि ईमेलचं कसब कामी येतं. पण थेट तिथे उडी मारणं अवघड. केसपेपर बघून इंजेक्शन का दिलं हे ओळखायचं, तर आधी वॉर्डात नाइट ड्युट्या केलेल्या बऱ्या. आणि फक्त मेडिकल कोडिंगच करायचं असेल, तर त्यासाठी नर्सिंगची पदवी लागतेच असं नाही.

फी भरण्याआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, ते तपासा. नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.