बोटविनिक–फिशर डाव (वार्ना, १९६२)

बल्गेरियातील वार्ना येथे १९६२ च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका या लढतीच्या पहिल्या पटावर झालेला बरोबरीचा डाव. पांढरी मोहरी तत्कालीन विश्वविजेता मिखाईल बोटविनिककडे, काळी १९ वर्षांच्या बॉबी फिशरकडे.

ग्रुनफेल्ड बचावातील स्मिस्लोव्ह प्रकार पटावर आला. तो बोटविनिकने घरी कसून अभ्यासला होता. सतराव्या खेळीला त्याने ई५ वर प्यादे ढकलून काळ्या वजिरावर मारा केला. वजीर माघार घेईल हा त्याचा हिशोब. फिशरने मात्र त्याच वजिराने एफ४ वरचे प्यादे मारले! पांढऱ्या उंटाने वजीर घेताच काळ्या घोड्याने सी५ वरचा पांढरा वजीर टिपला आणि काळ्याचे एक प्यादे वर राहिले. घरच्या तयारीतली ही फट पटावर, घड्याळ चालू असताना हेरणे हा फिशरच्या प्रतिभेचा अस्सल पुरावा आहे.

डाव तहकूब झाला तेव्हा हत्तींच्या अंतिम पर्वात काळ्याचेच पारडे जड होते. रात्रभर सोव्हिएत खेळाडू पट मांडून बसले. वाट सापडली ती एफिम गेलरला: एच७ चे प्यादे घ्यायचे, बदल्यात ए४ चे सोडायचे. काळ्याला वजिराच्या बाजूला जोडीची दोन मोकळी प्यादी मिळतात. पण पांढरा हत्ती जी७ वर बसला की जी६ आणि ए७ दोन्हींवर त्याची नजर राहते.

एक्कावन्नाव्या खेळीला फिशरने घाईने बी५ खेळले. बोटविनिकने लगेच एच५ वर प्यादे दिले. ते मारले जाताच हत्तीने जी५ वरून शह देत त्याच ओळीतले बी५ चे प्यादे उचलले. उरलेली काळी प्यादी पटाच्या दोन कडांना. अडुसष्टाव्या खेळीनंतर बरोबरी मान्य झाली.

वाद तिथे संपला नाही. ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’मध्ये (१९६९) फिशरने काळ्याचा विजय शक्य असल्याचे खेळ्यांसह मांडले, बोटविनिक बरोबरीवर ठाम राहिला. पुढे त्याने हेच अंतिम पर्व आपल्या बुद्धिबळ शाळेतील विद्यार्थ्यांना सोडवायला दिले, तेव्हा किशोरवयीन गॅरी कास्पारोव्हने फिशरच्या विश्लेषणातली चूक दाखवली. १९७० मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे बोटविनिक आणि फिशर यांचा सामना घडवण्याची बोलणी फिसकटली; त्यामुळे त्यांच्यात झालेला हा एकमेव डाव.