छाटणी, उद्यानवनस्पतींची
झाड, झुडूप किंवा वेल यांच्या फांद्या, शेंडे अथवा फुटी ठराविक हेतूने व ठराविक वेळी कापून टाकण्याच्या क्रियेस ‘छाटणी’ म्हणतात. वनस्पतीला आकार देणे, रोगट व वाळलेला भाग काढणे, उजेड व हवा खेळती ठेवणे आणि फुले-फळे अपेक्षित काळी व अपेक्षित प्रमाणात मिळविणे, हे तिचे मुख्य हेतू होत. यांपैकी पहिले तीन हेतू सर्वत्र सारखेच साधले जातात. चौथ्या हेतूसाठी मात्र हवामान, वनस्पतीचा स्वभाव व बाजार या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. त्यामुळे समशीतोष्ण देशांतील ‘हिवाळा सरताच छाटणी’ हा नियम दख्खनच्या पठारावर जसाच्या तसा लागू पडला नाही. त्याच्या जागी येथे जी पद्धती सिद्ध झाली, तिचा इतिहास महाराष्ट्राच्या फळबागायतीच्या इतिहासाशी निगडित आहे.

प्राचीन उल्लेख : रोमन लेखक कॉल्युमेला याने इ. स. पहिल्या शतकात शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात द्राक्षवेलीच्या छाटणीचे सविस्तर विवेचन केले असून त्यासाठी वापरावयाच्या खास कोयत्याच्या निरनिराळ्या धारांचे वर्णनही दिले आहे. भारतात वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात रोगी झाडाचा दूषित भाग प्रथम शस्त्राने काढून टाकावा व त्यानंतर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असे सांगितले आहे. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावण्याची आजची रीत याच विचाराची पुढील पायरी होय. मात्र या उल्लेखातील छाटणी चिकित्सेपुरती आहे. फुलोऱ्याचा काळ बदलण्यासाठी केलेली छाटणी तीत नाही.

चौदाव्या शतकात भारतात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख केला असून ही फळे तेथे वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले आहे. ज्या प्रदेशात वेल हिवाळ्यात पूर्णपणे निद्रिस्त होत नाही, तेथे असे दोन बहार येणे स्वाभाविक असते. दख्खनमधील छाटणीचा पुढील सर्व इतिहास या दोन बहारांचे काय करावयाचे, या प्रश्नाभोवती फिरतो.

जुने लाकूड व नवी फूट : छाटणीचे शास्त्र एका प्रश्नावर उभे आहे, तो म्हणजे फूल कोणत्या लाकडावर येते. युरोपातील बागांत लोकप्रिय असलेल्या हायड्रेंजिया या झुडपाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मोठ्या गोलाकार फुलोऱ्याची हायड्रेंजिया मॅक्रोफायला ही मूळची जपानमधील जाती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचली. तिच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच जुन्या फांद्यांच्या टोकांशी तयार होतात व हिवाळाभर तशाच राहतात. म्हणून हिवाळा संपल्यावर हे झुडूप खोलवर छाटल्यास त्या वर्षीची फुलेच कापली जातात. केवळ वाळलेले गेंद आणि जीर्ण फांद्या काढणे एवढेच इष्ट असते. याउलट हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा या जातीला त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुले येत असल्याने ती हिवाळ्याच्या शेवटी निर्धास्तपणे खोल छाटता येते. म्हणजे एकाच वंशातील दोन जातींना एकच नियम लावल्यास एक बहरते व दुसरी वर्षभर वांझ राहते. भारतात हे झुडूप मुख्यत्वे थंड हवेच्या डोंगरी ठिकाणी वाढते; पठारावरील उन्हाळा त्यास मानवत नाही. परंतु त्याच्यावरून दिसणारा नियम द्राक्ष, मोगरा व गुलाब या सर्वांना लागू आहे.

पुण्यातील उद्याने : एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर युरोपीय उद्यानविद्या मुंबई इलाख्यात आली. पुण्यात गणेशखिंड येथे १८७३ मध्ये वनस्पतिउद्यान स्थापन झाले. त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर लिहिलेले पुस्तक दीर्घकाळ वापरात होते. एम्प्रेस उद्यानातही गुलाबाच्या संवर्धनास महत्त्व होते. या उद्यानांतून रूढ झालेला सर्वांत महत्त्वाचा बदल गुलाबाच्या छाटणीच्या काळासंबंधी होता. इंग्लंडमध्ये गुलाब हिवाळ्याच्या शेवटी, साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. कारण त्यानंतर येणारा उबदार काळ हाच तेथे फुलांचा हंगाम असतो. दख्खनमध्ये त्या सुमारास कडक उन्हाळा सुरू होतो आणि फुले लहान व अल्पायुषी होतात. म्हणून पठारावर गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करण्याची रीत पडली. छाटणीनंतर सु. ४५ ते ६० दिवसांत, म्हणजे थंडी पडू लागताच, उत्तम फुले मिळतात. छाटणीपूर्वी पाणी तोडणे व मुळांभोवतीची माती काही दिवस उकरून ठेवणे, ही जुनी प्रथा झाडास कृत्रिम विश्रांती देण्यासाठीच होती. फांदी बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरकी कापावी, हा नियम मात्र सर्वत्र सारखाच राहिला. [⟶ गुलाब].

छाटणीच्या हत्यारांतही याच काळात बदल झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तयार झालेली वक्र पात्यांची कात्री हळूहळू सर्वत्र पसरली. महाराष्ट्रातील बागायतदार तिला ‘सिकेटर’ म्हणतात. विळा व कोयता यांच्या तुलनेत तिने काडी चिरडत नाही व काप स्वच्छ बसतो. द्राक्षासारख्या पिकात, जेथे एकेक डोळा मोजून काप घ्यावा लागतो, तेथे ही बाब निर्णायक ठरली.

ताण व बहार : पठारावरील फळझाडांना थंडीची विश्रांती मिळत नसल्याने शेतकऱ्यांनी ती पाण्याच्या ताणाने घडवून आणली. पेरू, डाळिंब, लिंबूवर्गीय फळे यांना ठराविक काळ पाणी तोडून, पानगळ करवून, नंतर खत व पाणी देऊन फुलोरा आणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, जून-जुलैमधील मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहार, अशी यांची नावे आहेत. डाळिंबात ताण संपताना हलकी छाटणी करतात. मोगऱ्याच्या लागवडीतही हेच सूत्र दिसते. थंडीच्या दिवसांत पाणी कमी करून पाने झडू देतात व झुडूप जमिनीपासून सु. ४५ सेंमी. उंचीवर छाटतात. नव्या फुटीवर उन्हाळ्यात कळ्या येतात. हिवाळ्यानंतरच्या छाटणीचा युरोपीय नियम ज्या थोड्या झुडपांना येथेही बऱ्याच अंशी लागू पडतो, त्यांत मोगरा मोडतो. कोयनेल, मेंदी व दुरंता यांच्या कुंपणांस मात्र हंगामाचे बंधन नाही. पावसाळ्यात त्यांची कातरणी वरचेवर करावी लागते, एवढेच.

द्राक्षाच्या दोन छाटण्या : उत्तर भारतात थंडीत वेलीची पानगळ होते व जानेवारीच्या सुमारास एकदाच छाटणी करून एकच पीक घेतात. महाराष्ट्रात वेल सदाहरित राहते. नासिक भागात पूर्वी भोकरी जातीच्या वेली पांगाऱ्याच्या जिवंत खांबांवर चढवीत. वर्षातून दोन छाटण्या केल्यास दोन बहार येत. परंतु उन्हाळी छाटणीचे फळ पावसाळ्यात तयार होत असल्याने ते आंबट व रोगट निघे, तर पावसाळ्यानंतरच्या छाटणीचे फळ कोरड्या हवेत व स्वच्छ उन्हात पिकत असल्याने गोड होई. यावरूनच ऑक्टोबरमधील छाटणीस ‘गोडी छाटणी’ हे नाव पडले. बागायतदारांनी पावसाळी पिकाचा मोह सोडला, पण त्यासाठीची उन्हाळी छाटणी सोडली नाही. तिचा उपयोग नवीन काडी तयार करण्यासाठी होऊ लागला. दोन छाटण्या व एक पीक ही पद्धती अशा रीतीने सिद्ध झाली.

एप्रिलमधील छाटणीस ‘खरड छाटणी’ म्हणतात. तीत ओलांड्यावरील काड्या एकेक डोळा ठेवून खरडून काढतात. नव्या फुटी वाढत असताना, छाटणीनंतर सु. ४० ते ७० दिवसांत, त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरमध्ये त्या परिपक्व काड्या जातीनुसार सहा ते दहा डोळे राखून छाटतात व फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घड काढणीस येतात. म्हणजे फाल्गुनात दिसणारा घड आदल्या ज्येष्ठातच काडीत ठरलेला असतो. त्या काळात आभाळ दाटलेले राहिले, अथवा वेलीने फाजील वाढ घेतली, तर काडी बाहेरून जोमदार दिसूनही आतून वांझ निघते. घड कोणत्या डोळ्यात आहे, हे न जाणता केलेली छाटणी हायड्रेंजियाच्या कळ्या कापणाऱ्या माळ्याच्या चुकीसारखीच होय. याच कारणाने ऑक्टोबर छाटणीपूर्वी नमुन्याच्या काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेण्याची प्रथा पडली.

गणेशखिंड येथील फलसंशोधन केंद्रात जी. एस. चीमा व त्यांचे सहकारी यांनी द्राक्ष व डाळिंब यांच्या निवडीचे महत्त्वाचे कार्य केले; भारतातील व्यापारी फळांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. त्यानंतर बिनबियांच्या थॉमसन सीडलेस या जातीचा प्रसार झाला, मांडवावरील लागवड रूढ झाली आणि छाटणीचे तंत्र गावोगावी पोहोचले.

कृष्णाकाठचा प्रदेश : कराडनजीकच्या मलकापूरपासून पूर्वेकडे जाऊ लागल्यास पर्जन्यमान झपाट्याने घटते. पश्चिमेस महाबळेश्वरी वार्षिक पाऊस ५,००० मिमी.हून अधिक असतो, तर पूर्वेकडील तासगाव, खानापूर व कवठे महांकाळ या तालुक्यांत तो सु. ५०० ते ६०० मिमी.पर्यंत उतरतो. मलकापूर-कराड भागात उसाचे पीक प्रमुख राहिले. तेथील परसबागांतही गुलाबाची छाटणी परतीचा पाऊस थांबल्यानंतरच करणे हितावह असते. द्राक्षाने मात्र पूर्वेकडील कोरडी हवा निवडली. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हा प्रकार निवडला व तो राज्यभर पसरला. या भागाच्या कोरड्या हवेमुळे बेदाणानिर्मितीही वाढली. सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या दुष्काळी पट्ट्यास पाणी देणाऱ्या उपसा सिंचन योजनांपैकी एकीचा उगम कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेवर आहे. अशा रीतीने मलकापूरच्या शेजारून उचललेले पाणी पूर्वेकडील बागांच्या छाटणीचे वेळापत्रक सावरते. कारण खरड छाटणी भर उन्हाळ्यात येते आणि त्यावेळी पाणी न मिळाल्यास पुढील वर्षाची काडीच तयार होत नाही.

तारखेचे जोखीमकारण : छाटणीची तारीख ठरविणे हा बागायतदाराचा वर्षातील सर्वांत मोठा निर्णय असतो. लवकर छाटल्यास माल लवकर निघून भाव चांगला मिळतो, पण कोवळी फूट व फुलोरा परतीच्या पावसात सापडून केवडा रोग व घडकूज यांचे भय असते. उशिरा छाटल्यास पाऊस टळतो, परंतु थंडीत मण्यांची वाढ मंदावते आणि बाजारात एकाच वेळी माल येऊन भाव उतरतात. २००९ च्या नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेल्या पावसाने राज्यातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. आगाप छाटलेल्या बागांना त्याची झळ विशेष लागली. केवडा रोगावरील बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी प्रसिद्धीस आणले, तरी सतत पावसात कोणतीही फवारणी अपुरी पडते.

रसायनांमुळे छाटणीस नवे बळ मिळाले व नवे धोकेही आले. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची ‘पेस्ट’ डोळ्यांवर लावतात. हे द्रव्य त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असून मद्यसेवनाबरोबर त्याची तीव्र प्रतिक्रिया होते. हे काम बहुधा मजुरांच्या टोळ्या, त्यांतही पुष्कळदा स्त्रिया, हाताने करीत असल्याने हातमोज्यांचा वापर अत्यावश्यक ठरतो. खरड छाटणीनंतरची फाजील वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरीत. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले व निर्यातदारांना आणि बागायतदारांना मोठा तोटा सोसावा लागला. उन्हाळ्यात काडीवर केलेल्या उपचाराचा हिशेब फळाला द्यावा लागतो, हे त्या घटनेने स्पष्ट केले. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र छाटणीचा काळ, काडीची जाडी व डोळ्यांची संख्या यांविषयी मार्गदर्शन करीत आले आहे.

फुलशेतीतही बाजारपेठ छाटणीची तारीख ठरवू लागली. मावळ भागातील हरितगृहांत १४ फेब्रुवारीच्या मागणीसाठी गुलाबाची कापणी डिसेंबरच्या मध्यासुमारास योजतात. हिवाळा, पाऊस व वेल यांच्या स्वभावावरून ठरणारा काळ येथे पंचांगातील एका दिवसावरून मागे मोजत ठरविला जातो. तरीही मूळ नियम बदललेला नाही : फूल वा घड कोणत्या लाकडावर व केव्हा घडतो, हे जाणून मगच कात्री चालवावी लागते.